विकतच्या यंत्रांतील आगंतुक

आमच्या घरीं वडीलधाऱ्यांपैकीं आतां नाना हे एकटेच उरले आहेत. वय ७९, उभी हयात हायस्कुलांत गणित शिकविण्यांत गेली. सकाळीं स्नानसंध्या व पूजा आटोपून चहा झाला, कीं माजघरालगतच्या खोलींत संगणकापुढें बसावयाचें आणि आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयाचा, हा त्यांचा गेल्या तीन वर्षांचा नेम. कोणत्या शाखेंतील कोण कोंकण सोडून कोठें गेले, कोणाचें दत्तविधान झालें, कोणत्या घरीं दिवा लावावयासही कोणी उरलें नाहीं, हें सारें नानांच्या स्मरणांत आहे आणि त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणाच्याही स्मरणांत नाहीं. म्हणून हें काम त्यांच्या हातून पुरें व्हावें अशी घरांतील लहानथोरांची इच्छा आहे.

गेल्या पौषांत एके सकाळीं त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यांत तांबड्या कांठाची एक चौकट उमटली. आपलें यंत्र सुरक्षित नाहीं, संरक्षण चालू ठेवावयाचें असल्यास आजच नूतनीकरण करावें, असा तिच्यांतील मजकुराचा आशय होता. नाना सावध गृहस्थ. त्यांनीं चौकट मिटविली. दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां आली. पुन्हां मिटविली, पुन्हां आली. सहाव्या दिवशीं, आपल्या हयगयीमुळें तीन वर्षांचें लिखाण नष्ट होईल या भीतीनें त्यांनीं निवृत्तिवेतनांतून १,४९९ रुपये भरले. पुढें सुटींत नात घरीं आली, तिनें यंत्र पाहिलें आणि सांगितलें, "नाना, तुम्ही पैसे भरायला नको होते. संरक्षणाची सोय या यंत्रांत मुळांतच आहे. ती सूचना नव्हती, जाहिरात होती." यंत्राबरोबरच ती आंत बसवून पाठविलेली होती. कंपनी कोणती, याची चर्चा येथें नको. कारण ही रीति एकाच कंपनीची नाहीं.

नानांना पैशांचें दुःख झालें नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "यंत्र बोलत आहे असें मला वाटलें. यंत्राच्या तोंडून दुकानदार बोलतो आहे, हें मला कळलें नाहीं." एवढें बोलून त्यांनीं यंत्रावर कापड टाकलें. त्यानंतर दहा आठवडे कुलवृत्तांताची एक ओळ पुढें सरकली नाहीं.

नानांच्या त्या एका वाक्यावर या महिन्यांत आमचा विचार चालला होता. तोच वाचकांपुढें मांडतों.

संगणक म्हणा, मोबाइल म्हणा, त्याच्या आंत एक मूळ कार्यप्रणाली असते. तिला सर्वत्र 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणतात. यंत्र जागें करणें, लिखाण जपून ठेवणें, मागूं तें काढून देणें, कोणाला आंत घ्यावें व कोणाला दारांतून परत लावावें हें ठरविणें, ही सर्व व्यवस्था तिच्याकडे असते. जुन्या वाड्यांत एखादा विश्वासू कारभारी असे, तशी ही यंत्राची कारभारीण होय. बॅटरी संपत आली, साठवणीची जागा भरली, कोणी परकें आंत शिरूं पाहत आहे, हें ती सांगते आणि आपण निमूटपणें ऐकतों; कारण न ऐकल्यास खरोखरच नुकसान होतें. आतां त्याच कारभारणीनें, त्याच आवाजांत, त्याच चौकटींतून एखाद्या दुकानाचा माल खपवावयास आरंभ केला, तर तिचें कोणतें बोलणें घरच्या हिताचें व कोणतें दुकानाच्या हिताचें हें ओळखावें कसें? या प्रश्नापुढें हायस्कुलांतील गणिताचे शिक्षकही हरले, मग इतरांची काय कथा!

जाहिरात म्हटली कीं नाक मुरडणारांपैकीं आम्ही नव्हे. याच मासिकाच्या मागील पानांवर पुस्तकांच्या, मसाल्यांच्या व बँकांच्या जाहिराती असतात; त्यांच्या उत्पन्नामुळें वर्गणी आटोक्यांत राहते, हें आम्ही कधींच लपविलेलें नाहीं. परंतु त्या जाहिराती जाहिरातींच्याच वेषांत उभ्या असतात. वाचक पान उलटतो, आणि उलटलेलें पान आपण होऊन परत उलटून त्याच्यापुढें येत नाहीं. शिवाय संपादकाच्या लेखांत, संपादकाच्या नांवावर, तेलाची स्तुति छापली गेली तर वाचक आम्हांस क्षमा करणार नाहीत, आणि तें योग्यच होईल. आमची तक्रार जाहिरातीविरुद्ध नाहीं. तिनें घेतलेल्या सोंगाविरुद्ध आहे.

हें सोंग एका दिवसांत आलें नाहीं. १९९० सालीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज ३.०' ही प्रणाली आणली, तेव्हां तिच्याबरोबर 'सॉलिटेअर' हा एकट्यानें खेळावयाचा पत्त्यांचा खेळ दिला होता. ज्यांनीं जुन्या कचेऱ्यांतील संगणक पाहिले आहेत त्यांना तो आठवत असेल; पानें ओढून पानांवर ठेवतां ठेवतां पुष्कळांचा माउसवर हात बसला. त्या खेळांत कोणी कांहीं विकावयास येत नसे. २०१५ च्या जुलैंत 'विंडोज १०' आली, तिच्यांतही हा खेळ होता; पण डावाडावांच्या मध्यें जाहिराती येऊं लागल्या होत्या, आणि त्या नको असल्यास अमेरिकेंत महिन्यास १.४९ डॉलर अथवा वर्षास ९.९९ डॉलर भरावे लागत. पंचवीस वर्षें घरांत असलेल्या वस्तूवर असें भाडें बसलें.

पुढचीं पावलें भराभर पडलीं. २०१६ च्या फेब्रुवारींत कित्येकांच्या संगणकाच्या कुलूपबंद पडद्यावर, जेथें एरव्हीं डोंगर-सागराचें सुंदर चित्र येई, तेथें विक्रीस आलेल्या एका खेळाचें चित्र झळकलें. २०१७ च्या मार्चांत, आपण आपले कागद जेथें शोधतों त्या 'फाइल एक्सप्लोरर'च्या खिडकींत कंपनीच्याच 'वनड्राइव्ह' या साठवणीची जाहिरात दिसूं लागली. २०२४ च्या एप्रिलांत 'विंडोज ११'च्या 'स्टार्ट' यादींत दुकानांतील ॲपांच्या शिफारशी आल्या. कुलूप, कपाट आणि दरवाजा, अशीं तीन स्थळें आगंतुकानें क्रमानें व्यापलीं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आम्हां मंडळींना उद्देशून कोणीं केली असेल ती असो. आज तिच्यावर आमच्याहून अधिक हक्क सांगणारे निपजले आहेत. आणि ही कांहीं धर्मार्थ मिळालेली ओसरी नव्हे. २०१५ सालीं अमेरिकेंत 'विंडोज १०'ची घरगुती आवृत्ति वेगळी विकत घेतल्यास ११९ डॉलर पडत. विकतचें श्राद्ध म्हणतात तें याहून निराळें काय?

परंतु या सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे तें २०१५-१६ चें. जुनी 'विंडोज ७' अथवा '८.१' वापरणारांना नवी प्रणाली एक वर्षपर्यंत विनामूल्य देऊं केली होती, आणि तसें सांगणारें चिन्ह त्यांच्या यंत्रांत दुरुस्तीच्या वाटेनें आणून बसविलें होतें. येथवर तो आग्रह होता. पंक्तींत वाढपी करतो तसा. परंतु २०१६ च्या मे महिन्यांत निराळेंच घडलें. पुढें आलेली चौकट तिच्या कोपऱ्यांतील फुलीवर बोट ठेवून मिटविली, म्हणजे नवी प्रणाली बसविण्याची ठरलेली वेळ मान्य आहे, असा अर्थ घेतला जाऊं लागला. आजवर ज्या फुलीचा अर्थ 'नको' असा होता, जो अर्थ याच कंपनीनें कोट्यवधि लोकांना वर्षानुवर्षें शिकविला होता, तिचाच अर्थ 'होय' झाला. मौन म्हणजे संमति असें आपल्याकडे म्हणतात. येथें नकार म्हणजे संमति असा नवा न्याय निघाला.

लोक चिडले. कॅलिफोर्नियांतील एका लहान प्रवास-व्यवसायाच्या मालकिणीनें, आपण न सांगतां नवी प्रणाली बसूं लागली व कामाचा संगणक निकामी झाला, असा दावा लावला. तिला न्यायालयाकडून १०,००० डॉलर मिळाले, आणि कंपनीनें पुढें अपील चालविलें नाहीं. २०१६ च्या जूनअखेर कंपनीनें चौकट बदलून तिच्यांत स्पष्ट नकाराची सोय केली. त्याच वर्षाच्या शेवटीं कंपनीच्या विपणन-प्रमुखांनीं, त्या वेळीं आपण मर्यादा ओलांडली, अशी कबुलीही दिली. कबुलीबद्दल त्यांचे आभार मानावे. पण मधल्या काळांत जें बिघडलें तें कबुलीनें सुधारलें नाहीं.

काय बिघडलें? पुष्कळांनीं वैतागून यंत्रांत येणाऱ्या दुरुस्त्याच बंद करून टाकल्या. त्या दुरुस्त्यांत चोरवाटा बुजविणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्याही होत्या. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतों, ती खोटें बोलूं नये म्हणून. पण त्या गोष्टींत अखेरीस नुकसान होतें तें मेंढरांचें. कारभारीच जेव्हां खऱ्या सूचनेंत विक्रीची भेसळ करतो, तेव्हां लोक त्याचें खरें बोलणेंही ऐकेनासे होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं 'विंडोज १०'चा नेहमींचा आधार संपला. ही सूचना खरी होती आणि तिच्याकडे लक्ष देणें अवश्य होतें; परंतु दहा वर्षें खेळांचीं, साठवणीचीं व शिफारशींचीं आमंत्रणें ज्यांनीं झटकून टाकलीं, त्यांनीं तीही त्याच हातासरशीं झटकली असल्यास आश्चर्य कसलें?

हें सर्व होतें कां, याचाही विचार निःपक्षपातानें केला पाहिजे. पूर्वीं प्रणालीची प्रत विकली कीं व्यवहार संपे. पुढच्या विक्रीसाठीं नवी प्रत काढावी लागे. आतां महिन्याच्या व वर्षाच्या वर्गण्या, दुकानांतील विक्री आणि जाहिराती यांवर उत्पन्नाची भिस्त वाढली आहे, आणि रोज सकाळीं ज्या पडद्यापुढें मनुष्य बसतो त्याच्याएवढी मोक्याची जागा दुसरी नाहीं. मोबाइलच्या बाबतींत तर हा हिशेब उघड मांडला गेला आहे. शाओमी या चिनी कंपनीचे मोबाइल २०१७ च्या अखेरीपासून कित्येक वर्षें भारतांत सर्वांत अधिक खपले. तेव्हां महाराष्ट्रांतील घरोघरीं ते पोंचले यांत नवल नाहीं. यंत्राच्या विक्रींतून शेंकडा ५ हून अधिक निव्वळ नफा घेणार नाहीं, असें तिच्या प्रमुखांनीं २०१८ च्या एप्रिलांत जाहीर केलें. उरलेली कमाई इंटरनेट-सेवांतून, आणि त्या सेवांत यंत्राच्या पडद्यावरील जाहिराती आल्या. स्वस्त मोबाइल हवा तर हें सोसलें पाहिजे, असा हा सौदा आहे, आणि गरजू माणसानें तो पत्करला तर आम्ही त्याला दोष देणार नाहीं.

परंतु सौदा म्हटला कीं तो दोघांना ठाऊक असला पाहिजे. २०११ सालीं ॲमेझॉननें आपला 'किंडल' हा वाचनाचा फलक दोन किंमतींना विकावयास ठेवला: जाहिरातीवांचून १३९ डॉलर, जाहिरातींसह ११४ डॉलर. पंचवीस डॉलर वांचवावे कीं शांतता घ्यावी, हें घेणारानें आधीं ठरवावें. यांत आम्हांस आक्षेपार्ह कांहीं दिसत नाहीं. उलट, इतका सरळ हिशेब दुर्मिळ आहे. पूर्ण किंमत घेऊन मागाहून जाहिराती घालणें आणि त्यांना 'सूचना', 'शिफारस', 'युक्ति' अशीं सोज्वळ नांवें देणें, यांत मात्र सौदा नाहीं, घुसखोरी आहे. वर उल्लेखिलेली 'फाइल एक्सप्लोरर'मधील जाहिरात बंद करण्याचें बटण शोधूं गेल्यास त्याचें नांव 'शो सिंक प्रोव्हायडर नोटिफिकेशन्स' असें आढळतें! त्या नांवांत जाहिरातीचा वास तरी कोणाला यावा?

हा दोष केवळ नफेखोरांचा, असेंही समजूं नये. 'उबुंटू' ही विनामूल्य वांटली जाणारी प्रणाली लोकांच्या प्रेमास पात्र झालेली. २०१२ च्या ऑक्टोबरांत तिच्या १२.१० या आवृत्तींत, आपल्याच यंत्रांतील एखादा कागद शोधावयास गेलें कीं ते शब्द बाहेर पाठवून ॲमेझॉनवरील मालही यादींत दाखविण्याची व्यवस्था झाली. घरांत चष्मा कोठें ठेवला असें विचारावें, आणि उत्तर बाजारांतून यावें, तशी ही गत. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनीं तिला स्पष्ट शब्दांत हेरगिरी म्हटलें. इतरांनींही टीका केली. अखेर २०१६ च्या एप्रिलांतील १६.०४ या आवृत्तींत ही व्यवस्था मुळांतच बंद ठेवण्यांत आली. हवी त्यानें चालू करावी. सॅमसंगनेंही २०२१ सालीं आपल्या हवामान, पेमेंट इत्यादि ॲपांतील जाहिराती काढून टाकण्याचें जाहीर केलें. बोलण्यानें कांहीं होत नाहीं, असें म्हणणारांनीं हीं दोन उदाहरणें लक्षांत ठेवावीं.

कायदाही अगदींच झोंपलेला नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं, ग्राहकाला भुलवून वा थकवून होकार काढून घेणाऱ्या क्लृप्त्यांसंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. 'डार्क पॅटर्न' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अशा १३ क्लृप्त्या त्यांत मोजल्या आहेत. वेष पालटलेली जाहिरात ही एक आणि सारखा तगादा ही दुसरी. तांबड्या कांठाची चौकट सहा दिवस पाहणाऱ्या नानांना हीं दोन्ही नांवें वाचून दाखविलीं, तेव्हां ते प्रथमच हंसले. तक्रारीसाठीं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे; तो घरांत लिहून ठेवावा. युरोपांत तर कायद्यानें बोट दाखवितांच २०२४ च्या मार्चपर्यंत तेथील 'विंडोज'मधून कंपनीचा 'एज' हा ब्राउझरही काढून टाकण्याची मुभा मिळाली. म्हणजे करतां येत नाहीं असें नाहीं. करावयास लावणारा लागतो.

तोंवर घरांतल्या घरांत करतां येण्यासारखें थोडें आहे. आपल्या घरांतून निदान एक तरुण मुलगा वा मुलगी अशी असते कीं जिला हीं यंत्रें हाताळतां येतात. तिनें एका रविवारीं तासभर बसून 'सेटिंग्ज'मध्यें जावें: 'पर्सनलायझेशन'खालीं 'स्टार्ट'मधील शिफारशी बंद कराव्या; कुलूपबंद पडद्यावर आपल्या आवडीचें एक स्थिर चित्र ठेवावें; 'नोटिफिकेशन्स' व 'प्रायव्हसी' या सदरांतील सल्ल्यांचीं व शिफारशींचीं बटणें मिटवावीं. मोबाइलमध्येंही अशींच बटणें असतात. 'ॲड्स' व 'रेकमेंडेशन्स' या शब्दांचा माग काढला म्हणजे बहुतेक सांपडतात. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या कधींही बंद करूं नयेत. रागाच्या भरांत दाराबरोबर दाराची कडीही काढून फेंकावयाची नसते. नवें यंत्र घेतांना दुकानदारास स्पष्ट विचारावें, कीं यांत आधींच काय काय भरलेलें आहे आणि तें काढतां येतें का. हा प्रश्न पुरेशा लोकांनीं विचारला तर त्याचें उत्तर कारखान्यापर्यंत पोंचल्यावांचून राहणार नाहीं.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांतील वृद्धांना हंसूं नये. एखादी चूक झाली कीं "तुम्हांला एवढेंही कळलें नाहीं?" हा प्रश्न तरुणांच्या तोंडून सहज निघून जातो. ज्या मनुष्यानें जन्मभर प्रत्येक कागद वाचून सही केली, त्याला कागदच खोटा वेष घेऊन भेटला, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. आमच्या घरीं हें नातीला कळलें, याचें आम्हांस समाधान वाटतें. तिनें बटणें मिटविलीं, पण तेवढ्यावर न थांबतां नानांना शेजारीं बसवून प्रत्येक बटण त्यांच्याच हातून मिटवून घेतलें. मग नानांनीं स्वतःच्या वळणदार अक्षरांत एक चिठ्ठी लिहून पडद्याच्या कांठाला चिकटविली. तीवर तीनच प्रश्न आहेत: हें कोण बोलत आहे? पैसे कोणाला जातात? उद्यांपर्यंत थांबलें तर काय बिघडेल?

परवां सकाळीं पूजेची घंटा थांबल्यावर थोड्या वेळानें आंतून बोटांचा आवाज ऐकूं आला. डोकावून पाहिलें तों नाना लिहीत होते. पांचव्या पिढींतील एका काकूंचें माहेर कोणतें, हें आजवर कोठेंच नोंदलेलें नव्हतें. तें त्यांना आठवलें होतें, आणि तें त्यांनीं त्या दिवशीं लिहून टाकलें.